साडीवर कोणत्या रंगाचं ब्लाउज घ्यायचं

मॅचिंगच्या दुकानात काउंटरवर साडी पसरली की दुकानदार पाच-सहा तागे काढून तिच्यावर टाकतो. त्यातला सगळ्यात जवळचा रंग बघायचा आणि मीटरभर कापून घ्यायचा, ही आपली नेहमीची पद्धत. ब्लाउज फसतं ते बहुतेक वेळा इथेच. रंग फार वेगळा असतो म्हणून ते फसत नाही. तो जवळजवळ तोच असतो, पण तोच नसतो. डाळिंबी साडीवर किंचित विटकरीकडे झुकलेलं ब्लाउज घातलं, तर बघणाऱ्याला दोन रंग दिसत नाहीत, एकाच रंगात झालेली चूक दिसते.

म्हणून दुकानात जाण्याआधीच ठरवा: एकतर नेमकं जुळणारं घ्यायचं, नाहीतर दहा पावलांवरून कळेल इतकं वेगळं. मधल्या पट्ट्यात जायचं नाही.

नेमकं जुळणारं कापड जवळपास एकाच ठिकाणी मिळतं, ते म्हणजे साडीला जोडून आलेला ब्लाउजपीस. साडेपाच मीटर साडी आणि पुढचे 80 सेंटिमीटर ब्लाउजचे. तेच सूत, तोच रंग, एकाच वेळी विणलेलं. तो तुकडा नसेल, तर टू बाय टू रुबियात, म्हणजे ब्लाउजच्या नेहमीच्या सुती कापडात, रेशमी साडीचा रंग शोधण्यात दुपार घालवू नका. रेशमाचा धागा उजेड परत फेकतो आणि सुती धागा तो पसरवून मऊ करतो. त्यामुळे दोन्ही कापडं एकाच छटेत रंगवली तरी रेशीम घडीच्या उंचवट्यावर उजळ आणि खोलगट भागात गडद दिसतं, तर रुबिया सगळीकडे सारखीच मंद दिसते. दुकानात सपाट पसरलेल्या साडीवर जुळलेला रंग अंगावर निऱ्या पडल्या की सुटतो, त्याचं कारण हेच. अशा वेळी त्याच कुळातली बरीच फिकी किंवा बरीच गडद छटा घ्यावी. शेवाळी साडीवर पिस्ता, वांगी साडीवर फिका लव्हेंडर, विटकरीवर अबोली. किंवा मग सरळ दुसऱ्या रंगाकडे वळावं.

साडीत नेमके किती रंग आहेत

साडी ‘हिरवी’ आहे एवढ्यावर ब्लाउज निवडता येत नाही. आधी तिच्यातले रंग वेगळे करून बघा. अंगाचा रंग, काठाचा, पदराचा, बुट्ट्यांचा, आणि जर असेल तर जरीचाही. जरीचा धागा हाही रंगच आहे, हे पुष्कळजणी विसरतात. सोनेरी जर म्हणजे मंद पिवळा. पिवळ्या साडीवर ती विरून जाते, आणि वांगी, बाटली हिरव्या किंवा डाळिंबी रंगावर झळाळते. साडीत सोनेरी जर भरपूर असेल, तर तुम्ही न निवडताच एक पिवळा तिथे आलेला आहे असं समजून पुढचा हिशेब करा. राखाडी, लव्हेंडर, पारवा अशा थंड फिक्या रंगांवर रुपेरी जर चांगली बसते. तांबूस जर दोन्हीकडे चालते, म्हणून घेताना द्विधा मन असेल तर ती बरी.

मग साडी जशी नेसता तशी खांद्यावर टाकून बघा. ही पायरी काउंटरवर कुणी करत नाही. नेहमीच्या गोल साडीत पदर डाव्या खांद्यावरून मागे जातो. म्हणजे ब्लाउजचा उजवा हात, गळा आणि पाठ हेच भाग दिसतात, आणि त्यांना चिकटून असतो तो छातीवरून गेलेला पदराचा पट्टा आणि त्याचा काठ. पायाशी असलेल्या काठाचा ब्लाउजशी थेट संबंध येत नाही. तागा पोटाजवळच्या भागावर ठेवून पसंत केला जातो आणि घरी आल्यावर पदराशेजारी तो परका वाटतो. कापड पदर जिथे सुरू होतो त्या जागी ठेवा.

इरकल साडीत हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. अंग मोरपंखी असो, हिरवं असो की काळं, पदर बहुतेक लाल असतो आणि त्यावर पांढरं काम असतं. पदराचे उभे धागे वेगळे घेऊन अंगाच्या धाग्यांना अडकवलेले असतात, म्हणून पदर पूर्ण वेगळ्या रंगाचा येऊ शकतो. खांद्यावर येतो तो हा लाल. त्यामुळे इरकलीवर अंगाच्या रंगाचं ब्लाउज शिवलं की ते पदराशी भांडतं. लाल किंवा डाळिंबी खणाचं शिवलं की सगळं एका जागी बसतं. मात्र खणाचा पन्हा, म्हणजे रुंदी, लहान असतो. लांब बाह्या हव्या असतील तर शिंप्याला विचारून जास्तीचं कापड घ्या, नाहीतर खणाचा काठ बाहीवर घ्यायचा की पाठीवर, अशी ओढाताण होते.

विदर्भातल्या करवतकाठी टसर साडीचंही असंच. टसरचा स्वतःचा मधासारखा रंग जवळपास कोणत्याही रंगाशी जमवून घेतो, म्हणून तिथे निर्णय काठच करतो. काठ लाल तर लाल, काळा तर काळा. बदामी ब्लाउज शिवलंत तर फसणार नाही, पण साडीतली सगळी मजा त्या करवतीच्या दात्यांत आहे आणि ती तशीच खाली पायाशी राहील.

उजेड-अंधाराचं अंतर आधी, रंग नंतर

दोन रंग एकमेकांशेजारी उठून दिसतात ते मुख्यतः एक उजळ आणि दुसरा गडद असल्यामुळे. हे तपासायला फोन पुरे. साडीवर कापड अर्धं टाकून फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. दोन्हीकडे एकच राखाडी दिसली तर ते ब्लाउज लांबून साडीत विरघळेल. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत दहा पायऱ्या आहेत असं धरलं, तर निदान तीन पायऱ्यांचं अंतर हवं. काही फोन लाल रंग वाजवीपेक्षा काळा करतात, म्हणून लाल-डाळिंबीच्या बाबतीत फोटोवर विसंबू नका. सहा-आठ फूट मागे जाऊन डोळे किलकिले करून बघा, त्यातूनही तेच कळतं.

ही तपासणी मुद्दाम उलटीही वापरता येते. साडी आणि ब्लाउज यांची पायरी सारखी ठेवली की बांधा सलग आणि उंच दिसतो, अंतर ठेवलं की कमरेपाशी तो तुटतो. बुटक्या मुलींनी अमुकच करावं असा नियम यातून काढू नका. पण पांढऱ्या साडीवर काळं ब्लाउज घालून ‘मी आज का बुटकी दिसतेय’ असा प्रश्न पडला, तर उत्तर इथे आहे.

एकमेकांच्या अगदी विरुद्ध असे दोन रंग, दोन्ही तेजस्वी आणि दोघांची पायरी एकच, असं जमून आलं की त्यांच्यामधली कड थरथरल्यासारखी दिसते. कुंकवासारखा लाल आणि तितकाच उजळ हिरवा शेजारी ठेवून बघा, नजर तिथे टिकत नाही. विणकरांनी यावर फार पूर्वीच तोड काढली आहे: दोन्हींच्या मधे जरीची किंवा काळ्या-पांढऱ्या धाग्याची एक रेघ. ब्लाउजवर तीच गोष्ट पायपिंग करते. हिरव्या साडीवर लाल ब्लाउज हवंच असेल, तर गळ्याला आणि बाहीला सोनेरी पायपिंग लावा. दिसणारी जाडी दोन-तीन मिलिमीटर पुरते. त्यासाठी उरेब, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी साधारण सव्वा इंच रुंद लागते. सरळ कापलेली पट्टी गळ्याच्या वळणावर चुण्या टाकते.

एकाच नावाचे दोन रंग

नवरात्रात हिरव्या रंगाच्या दिवशी लोकलच्या महिला डब्यात नजर टाका. वीस हिरवे दिसतील आणि त्यातले निम्मे एकमेकांशेजारी बसायला तयार नसतील. पोपटी, राघू, मेहंदी हे हिरवे पिवळ्याकडे झुकलेले. रामा, पाचू, बाटली हे निळ्याकडे. सगळे हिरवेच, पण पहिल्या गटातला एक आणि दुसऱ्यातला एक एकत्र आणले की दोन्हींपैकी एक मळका दिसतो.

लालाचंही तसंच आहे. शेंदरी, गाजरी, विटकरी पिवळ्याकडे; डाळिंबी, गुलबक्षी, राणी निळ्याकडे. आपला लाल कुठे झुकतो हे एकटा तागा बघून कळत नाही, तुलना करावी लागते. शेंदरी कापड शेजारी ठेवा. तुमचा लाल एकदम गुलाबीसर वाटू लागला तर तो निळ्याकडचा. फरक जाणवलाच नाही तर पिवळ्याकडचा. पांढऱ्यात तर हे सगळ्यात जास्त नडतं. शुभ्र पांढऱ्या कापडावर बहुधा चमक आणणारी रसायनं असतात. ती उन्हातली अतिनील किरणं शोषून निळसर उजेड बाहेर टाकतात. त्या शुभ्राशेजारी मोतिया किंवा हस्तिदंती कापड जुनं, पिवळं पडलेलं वाटतं. केरळी पद्धतीच्या सोनेरी काठाच्या साडीचा पांढरा बहुधा मोतियाकडचा असतो. तिच्यावर शुभ्र ब्लाउज घेऊ नका.

हा नियम एकाच नावाच्या दोन छटांपुरता आहे. ‘थंड आणि उबदार रंग मिसळू नयेत’ असं जे सरसकट सांगितलं जातं ते खरं नाही. राणी आणि नारिंगी एकत्र किती सुरेख दिसतात! एक निळ्याकडे झुकलेला, दुसरा पिवळ्याकडे. पण ते दोन वेगळे रंग आहेत हे लगेच कळतं, त्यामुळे चूक वाटत नाही.

समोरचा रंग, की त्याचा शेजारी

शाळेत शिकलेलं रंगचक्र इथे उपयोगी पडतं. लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा, आणि परत लाल. चक्रात समोरासमोर येतात ते लाल-हिरवा, पिवळा-जांभळा, निळा-नारिंगी. मधल्या छटांचीही जोडी अशीच लागते: मोरपंखीसमोर शेंदरी-गाजरी, राणीसमोर पोपटी.

थेट समोरचा रंग घेतला की जोडी जोरकस होते. लग्नाला, हळदीला ठीक, रोज ऑफिसात नको. मऊ हवी असेल तर समोरच्याच्या शेजारच्या रंगावर थांबा. जांभळ्यासमोर पिवळा येतो, त्याऐवजी आंबा घ्या. मोरपंखीसमोर शेंदरी येतो, त्याऐवजी डाळिंबी किंवा मोहरी. निळ्यासमोर नारिंगी, त्याऐवजी अबोली. मोरपंखी साडीवर डाळिंबी काठ, वांगी साडीवर आंबा काठ या आपल्याकडच्या जुन्या पसंतीच्या जोड्या बहुतेक याच जागेवर येतात.

चक्रावरचे सख्खे शेजारी, म्हणजे निळा-मोरपंखी-हिरवा किंवा पिवळा-आंबा-नारिंगी, हे कधी भांडत नाहीत. त्यांचा धोका वेगळा असतो, ते सपक होतात. अशा वेळी उजेडाची पायरी तीनऐवजी पाच करा: गडद निळ्या साडीवर फिका फिरोजी.

प्रमाणाचा हिशेब साधा आहे. समोरून बघताना साडी दहातले साडेआठ-नऊ भाग व्यापते आणि ब्लाउज एक-दीड. त्यामुळे ब्लाउज तेजस्वी असलं तरी झेपतं. गोची होते ती गडद रंग छोट्या जागेत आणि उजळ रंग मोठ्या जागेत आला की. रंगांच्या उजळपणाचे जे आकडे जर्मन कवी गटेच्या नावावर चालत आलेत आणि चित्रकार-शिक्षक योहान्स इटेनने पुढे शिकवले, त्यात पिवळा 9, नारिंगी 8, लाल आणि हिरवा 6, निळा 4, जांभळा 3 आहे. दोन रंगांचं पारडं समान राहायचं तर क्षेत्रफळ याच्या उलट हवं: जांभळा तीन हिस्से तर पिवळा एक. म्हणून वांगी साडीवर आंबा ब्लाउज बसतं. तीच जोडी उलटी केली, पिवळ्या साडीवर गडद वांगी ब्लाउज घेतलं, तर पिवळ्यात काळा खड्डा पडल्यासारखं वाटतं. ते हवंच असेल तर बाही कोपरापर्यंत घ्या, म्हणजे जांभळ्याला जागा मिळेल, किंवा जांभळा कोनफळाच्या गराइतका उजळ घ्या. लाल-हिरव्यात दोघांचे आकडे सारखे आहेत, त्यामुळे तिथे उलटसुलट केलं तरी चालतं.

शेजाऱ्यामुळे रंग बदलतो

पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत मिशेल शेवरल हा रसायनतज्ज्ञ 1824 पासून रंगाई विभागाचा प्रमुख होता. तिथल्या काळ्या धाग्याबद्दल तक्रार होती: निळ्या-जांभळ्या कापडांच्या सावल्यांत वापरलेला काळा फिका, दम नसलेला दिसतो. त्याने काळ्या लोकरीचे नमुने इतर ठिकाणच्या नमुन्यांशी पडताळले तेव्हा रंगाईत दोष आढळला नाही. दोष शेजारच्या रंगाचा होता. डोळा प्रत्येक रंगाच्या बाजूला त्याच्या समोरच्या रंगाची छाया टाकतो. निळ्याशेजारी ठेवलेल्या काळ्यावर नारिंगी छाया पडते आणि काळा विटका वाटतो. हे सगळं त्याने 1839 मध्ये ग्रंथरूपात मांडलं.

साडीच्या बाबतीत याचा अर्थ असा, की नेव्ही किंवा गडद जांभळ्या साडीवर काळं ब्लाउज घेऊ नका. ‘काळं सगळ्यावर चालतं’ हे वाक्य इथेच खोटं पडतं. नवं कोरं काळं कापड तिथे पाच वेळा धुतल्यासारखं दिसतं. लाल, पिवळ्या, पांढऱ्या साडीवर तेच काळं ठसठशीत उठतं. राखाडी तर शेजाऱ्याचा रंग सगळ्यात लवकर उचलते: लाल साडीशेजारी ती हिरवट, हिरव्याशेजारी गुलाबीसर वाटते. राखाडी ब्लाउज घेताना दुसऱ्या कोणत्याही साडीवर बघून ‘हीच ती छटा’ असं ठरवू नका. त्याच साडीवर बघा.

धूपछाव साड्यांत ही गंमत कापडाच्या आतच चालू असते. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्याचा. सपाट ठेवल्यावर एक तिसराच मिश्र रंग दिसतो आणि निरी वळली की दोन्हींपैकी एक उसळी मारतो. ब्लाउज मिश्र रंगाचं घेऊ नका, ते कापड शोधूनही सापडत नाही आणि सापडलं तर मातकट असतं. साडीची कड सुटी करून दोन्ही धागे ओळखा आणि त्यातला जो गडद असेल त्याचं ब्लाउज घ्या. लाल-हिरव्या धाग्यांची बारीक चौकडीही लांबून अशीच तपकिरी होते. तिथे आठ फुटांवरून दिसणाऱ्या रंगाला धरून निवडा, हातात धरून दिसणाऱ्या नव्हे.

छापील साडीत पाच-सहा रंग असतात. सगळ्यात जास्त पसरलेला रंग पार्श्वभूमीचा असतो, तो सोडा. दुसऱ्या क्रमांकाचा घ्या. अगदी ठिपक्यापुरता असलेला रंग ब्लाउजला घेतला तर छान दिसतो, पण तो साडीवर छातीजवळच्या भागात कुठेतरी आलेला हवा, नाहीतर दुवाच लागत नाही. ब्लाउजही छापील हवं असेल तर एक तरी रंग दोन्हींत असावा आणि नक्षीच्या आकारात तिपटीचा तरी फरक असावा. सारख्याच आकाराची फुलं दोन्हीकडे आली की सगळं गर्दीचं वाटतं.

दुकानातला दिवा

मॅचिंगच्या दुकानात दिवे असे लावलेले असतात की सगळं छान दिसावं. पिवळसर, 3000 केल्विनच्या दिव्याखाली नेव्ही काळा दिसतो, फिका पिवळा पांढरा, आणि लव्हेंडरची मातकट राखाडी होते. 6500 केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखाली लाल रंग थंडावतो. दोन कापडांचे रंग एका दिव्याखाली जुळून दुसऱ्याखाली सुटू शकतात, कारण दोन्हींत रंगद्रव्यं वेगळी असतात. म्हणून तागा घेऊन दाराबाहेर, सावलीतल्या उजेडात जा. भर उन्हात नको, तिथे सगळेच रंग फिके वाटतात. दुकानदार कुरकुरेल, पण चांगला दुकानदार स्वतःच ‘बाहेर बघून घ्या’ म्हणतो.

कार्यक्रम संध्याकाळी हॉलमध्ये असेल तर मात्र घरच्या पिवळ्या दिव्याखालीही एकदा बघा. वर सांगितलेली नेव्हीची गत तिथे होते.

साडी घरी ठेवून फोनवरचा फोटो दाखवून कापड घेऊ नका. फोन आपल्या मनाने पांढरा ठरवतो आणि बाकी सगळे रंग त्यामागे सरकवतो. साडी नेणं शक्यच नसेल तर ब्लाउजपीसमधून किंवा साडीच्या आतल्या टोकाशी जिथे दोरे सुटे असतात तिथून चार-पाच दोरे न्या. आणि ताग्याचा बाहेरचा पट्टा बघून ठरवू नका. शोकेसमध्ये उन्हाला राहिलेली बाहेरची घडी विटलेली असते, दोन घड्या आतून उलगडायला सांगा. रंगाच्या नावावर तर अजिबात जाऊ नका. एका दुकानातला ‘रामा’ दुसऱ्या दुकानात ‘मोरपंखी’ असतो.

हिरवा चुडा आणि बाकीचं

लग्नात, मंगळागौरीत हातात हिरव्या काचेच्या बांगड्या ठरलेल्या. त्या गृहीत धरून साडी निवडली जात नाही आणि मग फोटोत हात वेगळ्याच लग्नातला वाटतो. पिवळ्या अष्टपुत्रीवर, लाल शालूवर, वांगी पैठणीवर हिरवा चुडा खुलतो. अडचण येते निळ्यावर आणि दुसऱ्या हिरव्यावर. चुड्याचा हिरवा आणि साडीचा हिरवा जुळत नसेल, तर तोच मधला पट्टा. उपाय जुनाच आहे: बांगड्यांच्या मधे आणि दोन्ही टोकांना सोन्याच्या पाटल्या, तोडे. सोनं दोन हिरव्यांना एकमेकांपासून दूर ठेवतं. ब्लाउजची बाही कोपरापर्यंत असेल तर तिच्या कडेला जरीचा काठ लावा, चुड्याला तो वरून आधार देतो. संक्रांतीला काळ्या चंद्रकळेवर हलव्याचे पांढरे दागिने घालतात, तिथे ब्लाउज लाल काठाशी जुळवा. काळं ब्लाउज घेतलंत तर दागिने उठतील पण काठ एकटा पडेल.

त्वचेच्या रंगावरून ‘तुला हे शोभत नाही’ म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. सावळ्या अंगावर मोहरी, डाळिंबी, मोरपंखी यांना जी खोली येते ती गोऱ्या अंगावर येत नाही. खरी काळजी एवढीच, की गळ्याजवळचं कापड त्वचेच्याच पायरीचं नको. गव्हाळ रंगावर बदामी ब्लाउज गळ्यापाशी हरवतं. आणि लखलखीत पोपटी किंवा लिंबू रंगाचं ब्लाउज उन्हात हनुवटीखाली हिरवट झाक टाकतं. बंद गळ्यात ते जास्त जाणवतं, खोल गळ्यात कमी.

साड्या पंधरा आणि ब्लाउज पाचच शिवायची असतील, तर डाळिंबी, मोहरी, काळं, रामा आणि जुन्या सोन्यासारखं टिशू किंवा ब्रोकेड. डाळिंबी हिरव्या, मोरपंखी, मोतिया, राखाडी साड्यांवर. मोहरी जांभळ्या, नेव्ही, बाटली हिरव्यावर. काळं लाल, पिवळ्या, पांढऱ्यावर. रामा नारिंगी, गाजरी, गुलाबीवर. सोनेरी ब्रोकेड जर असलेल्या कोणत्याही साडीवर, फक्त पिवळ्यावर नको.

शिवायला टाकताना अस्तर विसरू नका. पातळ रुबिया किंवा टिशूखाली पांढरं अस्तर लावलं की वरचा रंग एक पायरी फिका होतो, आणि दुकानात जुळलेला रंग शिवून आल्यावर जुळत नाही. अस्तर कापडाच्याच रंगाचं, आणि शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून आटवलेलं घ्या. दोऱ्याची नेमकी छटा मिळाली नाही तर एक पायरी गडद दोरा; टाका कापडावर रीळापेक्षा उजळ दिसतो. फॉल लावताना दोरा काठाच्या रंगाचा हवा, अंगाच्या नव्हे, कारण तो काठावरच दिसतो. शिफॉन, जॉर्जेटसारख्या पातळ साडीत परकराचाही रंग मिसळतो. तिथे साडीच्याच रंगाचा परकर घ्या. पांढऱ्या पातळ साडीखाली पांढऱ्यापेक्षा त्वचेच्या रंगाचा परकर कमी दिसतो.

लाल, नेव्ही किंवा गडद हिरव्या कापडाचं पायपिंग फिक्या ब्लाउजला लावायचं असेल, तर आधी पांढरा ओला रुमाल त्या कापडाच्या कोपऱ्यावर वीस-पंचवीस वेळा घासून बघा. रुमालावर रंग उतरला तर ते कापड पायपिंगला वापरू नका. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो हा समज आहे. मीठ रंगवताना उपयोगी पडतं, रंगवून झालेल्या कापडाला नाही.